आमू आधी घाबरायची

आमच्या वाचनालयात कुणी आलं की आधी वर्तमानपत्रांच्या टेबलाकडं जातं. आमू आधी खुर्च्यांकडं जायची. बसायला नव्हे. पाठीला हात लावून खुर्ची हलवायची, वाकून पायांकडं बघायची, आणि एखादी डुगडुगती निघाली की उचलून भिंतीकडं तोंड करून ठेवायची. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखी ती खुर्ची मग दिवसभर तिथंच उभी.

“सर, हिच्यावर कुणाला बसू देऊ नका. पडंल कुणीतरी.”

“आजपर्यंत कुणी पडलं नाही गं.”

“म्हणून तर.”

मी सुतळी आणून द्यायचो, ती पाय आवळून बांधायची.

मी नेकनूरला ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो आणि संध्याकाळी हे छोटं वाचनालय उघडतो. आमू, म्हणजे आम्रपाली, बारावीपर्यंत माझ्या वर्गात होती. तिची आई अंगणवाडी सेविका, वडील नेकनूर-बीड रस्त्यावर जीप चालवतात. बारावीनंतर ती पुण्याला डिझाइन शिकायला गेली, तेव्हा गावाला ते समजावून सांगता सांगता तिच्या आईची पुरेवाट झाली. “डिझाइन म्हंजी मेंदीचं का?” बाया विचारायच्या. “न्हाई, वस्तूंचं.” “कसल्या वस्तूंचं?” “सगळ्याच,” आई म्हणायची आणि विषय बदलायची.

मागच्या श्रावणात आमू गेली. पुण्यात ताप आला, तो डोक्यात गेला, आणि आम्ही गाडी करून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. जलदानविधीला आलेल्यांपैकी कुणीतरी मागं बसून म्हणालं, “लहानपनापसून मनात भीती घेऊन बसलेली पोर. भीतीनंच गेली.” हे खोटं आहे. ती तापानं गेली. तिच्या भीतीनं कुणाचंच वाईट केलं नाही, तिचंसुद्धा नाही. एवढं एक लिहून ठेवावं म्हणून मी बसलो आहे आणि फार हळू लिहितो आहे, कारण लिहिता लिहिता मध्येच उठून मला खिडकीची कडी बघून यावंसं वाटतं. ही खोड माझी नव्हती.

तिच्या वडिलांच्या जीपचं मागचं दार नीट लागत नसे. त्यांनी ते दोरीनं बांधलेलं असायचं, आणि त्या दाराला टेकून माणसं बीडपर्यंत झोपा काढत जायची. आमू सातवी-आठवीत असेल. एकदा ती त्या जीपमध्ये चढेचना. प्रवासी भरलेले, वडील हॉर्न वाजवतायत, आणि ही खाली उभी.

“दादा, आदी कडी बसवा,” ती वडिलांना म्हणाली.

“बस गं गप. दोरी हाय की.”

“दोरी झिजलीया.”

शेवटी ती चढली, पण सीटवर बसली नाही. मागं उकिडवी बसून दोन्ही हातांनी ते दार बीड येईपर्यंत आत ओढून धरलं. स्टँडवर उतरली तेव्हा तिची बोटं सरळ होत नव्हती. वडील चारचौघांत म्हणाले, “ह्या पोरीला जीपमदी बसवनं म्हंजी आरटीओ सायबाला बसवनं हाय.” सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी रफिकचाचांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन नवी कडी बसवून घेतली. ती कडी अजून आहे.

गावातली पोरं तिला भित्री भागूबाई म्हणायची. मोठी झाल्यावर ती दिसली की म्हणायची, “सरका बे, सेफ्टी आली.” तिला राग येत नसे. पोरं ज्या कट्ट्यावर बसलेली असायची त्याची सुटलेली फरशी ती बघत असायची.

ह्या सगळ्याच्या मुळाशी एक विहीर होती.

नेकनूरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला एका वस्तीवर तिचं आजोळ आहे. तिथली विहीर खोल आहे, आणि होळी झाली की आटते. मग टँकर येतो. टँकरवाल्याला घागरी भरून देत बसायला वेळ नसतो, त्याला पुढची वस्ती गाठायची असते. शिवाय पाइपाखाली घागरी लावल्या की भांडणं पेटतात. म्हणून तो पाइप सरळ विहिरीत सोडतो, रिकामा होतो आणि निघून जातो. तळाशी गुडघाभर पाणी साठतं. ते ज्याचं त्यानं आपापल्या दोरानं वर काढायचं. एक जुनी कप्पी आहे, पण त्या घाईत एका कप्पीपाशी रांग कोण लावणार? सगळ्या बाया एकदम काठावर येतात, गोल उभ्या राहतात आणि वाकतात. दगड ओले होतात. दोरांत दोर अडकतात.

आमू लहान असताना एकदा उन्हाळ्यात तिथं गेली होती. तिच्या मामेबहिणीचा पाय काठावरून सरकला. मागं उभ्या असलेल्या कौसामामीनं, म्हणजे पोरीच्या आईनंच, तिची वेणी धरली आणि वेणीला धरून मागं ओढली. चप्पल तेवढी आत पडली. मग सगळ्या बाया हसल्या.

“सर, त्या लई हसल्या,” आमूनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. “पोरगी रडतीय, आणि सगळ्या पोट धरून हसायल्या. मला हसू आलं नाही. मला वाटलं, ह्यांना दिसलं नाही का? मी चप्पल पाण्यावर पडल्याचा आवाज ऐकला होता.”

त्यानंतर ती त्या विहिरीच्या जवळ गेली नाही. आजोळी जायची, पण पाणी भरायच्या वेळी घरात बसायची.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिनं तीच विहीर प्रकल्पाला घेतली. उन्हाळा संपायच्या आत, कुणी त्या विहिरीत जायच्या आत, तिला तिथं काहीतरी उभं करायचं होतं. त्याच कामावर तिची पदवी अवलंबून होती, पण त्याबद्दल ती कधी बोलली नाही. टँकर कधी सुरू होणार, एवढंच ती फोनवर आईला विचारत राहायची.

कॉलेजची एक पद्धत होती. काम दाखवण्याआधी प्रत्येकानं परीक्षकांसमोर उभं राहून स्वतःबद्दल बोलायचं. आपलं बळ कशात आहे, आणि आपल्याला अजून कुठं वाढायचं आहे. सुट्टीत ती घरी आली तेव्हा ह्याचा सराव करायला वाचनालयात आली. दोन कपाटांच्या मध्ये उभी राहिली. मला परीक्षक करून समोर बसवलं.

“माझं नाव आम्रपाली. मी रेखाटन चांगलं करते. मला लाकडाचं काम येतं. मी वेळेत काम पूर्ण करते.” हॉल तिकिटावरच्या सूचना वाचाव्यात तसा आवाज. मध्येच थांबली. “सर, हे सगळं खरं आहे, पण ह्यात मी कुठं आहे?”

“मग तू कशात आहेस?”

ती कपाटाच्या काचेवर बोट फिरवत राहिली. काचेचा कोपरा उडालेला होता, तिथं बोट अलगद थांबवायची आणि परत फिरवायची.

“मी घाबरते. लोक पडल्यावर घाबरतात, मी आधी घाबरते. हे माझं बळ आहे असं म्हणलं, तर हसतील?”

“हसतील बहुतेक.”

“पुण्याचे आमचे सर म्हणतात, आत्मविश्वास वाढव. म्हणजे वाढायचं कुठं, तर भीती कमी करायची, असंच सांगायला पाहिजे. बाकीचे तसंच सांगतायत.” मग एकदम माझ्याकडं बघून म्हणाली, “पण भीती गेली तर मी बघणार कशानं?”

त्या दिवशी सराव तिथंच राहिला. ती घाबरलेली होती, परीक्षकांना आणि विहिरीला सारखीच.

तिनं आधी कठडा केला. कमरेएवढा, लोखंडी पाइपांचा, विहिरीभोवती गोल. पुण्याच्या तिच्या सरांना तो फार पसंत पडला होता. रफिकचाचांनी वेल्डिंग करून दिलं, कठडा टेम्पोतून वस्तीवर आणून काठावर पक्का बसवून दिला. चाचांनी त्याला हात लावून गदागदा हलवून दाखवला. “देख बेटी, हाथी टेका तो भी हिलता नै.” मी त्या दिवशी तिच्याबरोबर गेलो होतो. ती लांब, लिंबाखाली उभी होती, आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर थोडी शांतता होती.

मग टँकरचा हॉर्न वाजला.

पाणी विहिरीत पडत होतं तोवर बाया थांबल्या. पाइप बाहेर आला आणि सगळ्या धावल्या. कठड्याला टेकून त्यांनी दोर सोडले, बादल्या तळाला गेल्या, आणि त्यानंतर जे झालं ते मी अजून स्वप्नात बघतो. कठडा आडवा येत असल्यामुळं त्यांना खालचं पाणी दिसेना. पहिली बाई खालच्या आडव्या पाइपवर चढली. मग दुसरी. मग सगळ्याच. कौसामामी तर वरच्या पाइपवर मांडी टाकून बसली, एक पाय बाहेर, एक पाय विहिरीत लोंबता, आणि तशी वाकून दोराला हिसके देऊ लागली. आधी ह्या बाया जमिनीवर उभ्या राहून वाकत होत्या. आता आमूनं त्यांना कमरेएवढं उंच चढवलं होतं.

आमू ओरडली. शब्द नव्हते, नुसता आवाज.

“कावून वरडायलीस गं?” कौसामामी वरूनच खेकसली. “हात सुटला आस्ता ना माझा!”

“मामी, खाली उतर! पडशील!”

“आन पानी कोन काढील, तू?”

“तुला भीती वाटत न्हाई का?”

“वाटती की. रिकामी घागर घरी न्यायची वाटती.” बादली वर घेत मामी म्हणाली, “हिरीचं भ्या घिऊन बसले तर लेकरं काय पितेली? सरक तिकडं.”

कुणी पडलं नाही. पण आमू त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळच्या आत तिनं रफिकचाचांना परत बोलावलं.

“अगे, सबेरे लगाया, अब काटू?” चाचा वैतागले. “लोगां हसते मेरेपो.”

“हसू द्या, चाचा. आदी कापा. उद्या परत टँकर हाय.”

चाचांनी कापला. ठिणग्या विहिरीत पडत होत्या, आणि आमू लिंबाखालून हलत नव्हती.

वस्तीवरच्या कुणा पोरानं हा सगळा प्रकार मोबाइलवर घेतला होता. आमूची किंचाळी, मामीचं खेकसणं, खाली हसणारे चेहरे. दोन गावांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला. मला वाटलं, ही आता घराबाहेर पडणार नाही. दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात आली ती मोबाइल पुढं करूनच.

“सर, हे बघा. पाय बघा.”

मी पाय बघितले. मला पायच दिसले.

“आता डोळे बघा. सगळ्या एकाच वेळी खाली बघतात. बादली पाण्याला टेकली की. का? बादली पाण्यावर उभीच राहते, भरत नाही. हिसका देऊन आडवी करावी लागते. हिसका कुठं द्यायचा ते बघायला वाकतात.” तिनं व्हिडिओ मागं नेला, परत लावला. स्वतःची किंचाळी तिला ऐकूच येत नव्हती. “मी त्यांना पडण्यापासून अडवत होते. त्या वाकतात का, हे मी विचारलंच नाही. मला नुसती माझी भीती ठाऊक होती.”

पुढचे दिवस तिनं घरामागच्या हौदावर काढले. बादल्या, दोर, वडिलांच्या जीपचे जुने नटबोल्ट. बादलीच्या काठाला एका बाजूला जड नट बसवला की ती पाण्याला टेकताच आपोआप त्या अंगाला कलते, भरते, आणि दोर ओढला की वर येते. हिसका नको, बघायला नको. वजन जास्त झालं की भरलेली बादली वाकडी लटकायची आणि निम्मं पाणी सांडायचं. ती नट बदलत राहिली. कापलेल्या कठड्याचे पाइप तिनं वाया घालवले नाहीत. ते रफिकचाचांकडून विहिरीच्या काठावर आडवे, फिरतील असे बसवून घेतले, म्हणजे दोर त्यांच्यावरून घसरत जाईल आणि बाईला पाऊलभर मागं उभं राहून ओढता येईल.

हे सगळं करताना ती आधीपेक्षा जास्त घाबरलेली होती. “कठड्याच्या वेळी मला खात्री होती,” ती म्हणाली. “खात्री होती आणि चुकलं. आता खात्री नाही, मग काय काय चुकंल?” रोज एक नवी शंका घेऊन यायची. दोराचा पीळ सुटला तर? नट गळून खाली कुणाच्या बादलीत पडला तर? पाइपात लहान पोराचं बोट अडकलं तर? बोटाच्या शंकेसाठी तिनं पाइपांची टोकं रबरानं बुजवून घेतली. मी ऐकायचो, आणि ती गेल्यावर अंधार पडेपर्यंत कुलूप लावायला माझा हात उठायचा नाही.

बायांनी ती बादली घेतली. पण आमूच्या कारणासाठी नाही. तळातलं पाणी हिसक्यानं ढवळतं आणि गाळ वर येतो. कलत्या बादलीनं पाणी नितळ येऊ लागलं. कौसामामीनं पहिल्या दिवशी बादली डोळ्यांपुढं धरून बघितली. “तिरपी चालती माझ्या सासूवानी,” ती म्हणाली, “पन पानी सोच्छ देती. ऱ्हाऊ द्या.” आमूला हे फार लागलं आणि फार आवडलं, दोन्ही. त्यांना पाणी हवं होतं. जीव वाचला तो त्या पाण्याच्या पाठीमागून, कुणाच्या लक्षातही न येता.

परीक्षकांपुढं ती काय बोलली ते मला तिनं फोनवर सांगितलं. मी तिथं नव्हतो.

“मी म्हणलं, माझं बळ म्हणजे मी आधी घाबरते. एक मॅडम हसल्या. मग वाढायचं कुठं ते विचारलं. मी म्हणलं, मला फक्त माझी भीती कळते. समोरच्याला कशाची भीती वाटते ते आधी विचारायला शिकायचंय. त्याला लई वर्षं लागतील.”

“मग?”

“पास केलं, सर. पण त्यांच्या स्टेजची एक पायरी निखळलेली होती. मी सगळं भाषण तिच्याकडं बघूनच केलं. खाली येताना सांगितलं त्यांना.”

लई वर्षं, असं ती म्हणाली होती. पावसाळा सरायच्या आत ती गेली.

आता फाल्गुन लागला आहे. वस्तीवरचं पाणी खाली गेल्याचं कळलं. टँकर सुरू होईल. वर्षभर उन्हापावसात राहिलेले ते पाइप फिरतात का, बादल्यांचे नट घट्ट आहेत का, दोर झिजलेत का, हे बघायला कुणीतरी जायला हवं. तिचे वडील म्हणाले, “सर, तुमी येता का? मला एकट्याला तिथं जायला भ्या वाटतं.” मी हो म्हणालो. मलाही वाटतं. दोघं जाणार आहोत.

मी तिला शेवटचं जिवंत पाहिलं ते त्या विहिरीपाशीच, परीक्षेसाठी ती पुण्याला परतली त्या दिवशी. टँकर येऊन गेला होता, बाया पाणी भरत होत्या, आणि ती नेहमीसारखी लिंबाखाली उभी होती. कौसामामीनं तिला हाक मारली.

“ये हिकडं. सगळ्याला शिकिवती, आन सोता एक बादली काढली न्हाईस.”

“मला नको, मामी.”

“ये म्हणलं ना. मी धरते.”

ती आली. लहानपणानंतर पहिल्यांदा ती त्या काठाजवळ येत होती, आणि तिचा प्रत्येक पाय जमीन चाचपून पडत होता. मामीनं तिच्या ओढणीचं टोक स्वतःच्या मुठीत गुंडाळून घेतलं. आमूनं दोर हातात घेतला, डोळे गच्च मिटले आणि बादली सोडली. दोर पाइपावरून सरसरत गेला. बाया आपापलं काम थांबवून तिच्याकडं बघू लागल्या. कुणी हसलं नाही. मग दोर थांबला, क्षणभर सैल झाला, आणि हळूहळू जड होत गेला. ते जडपण तिच्या हातांना कळलेलं मला लांबून तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

तिनं ओढली. बादली काठावर आली तशी मामीनं दुसऱ्या हातानं धरली आणि आपल्या घागरीत ओतली.

“उघड आता डोळे. आली.”

आमूनं उघडले नाहीत. रिकामी बादली हातानं चाचपून घेतली.

“आजून एक काढते,” ती म्हणाली. “धरून ठेव.”